पाऊस 'सामान्य', तरी दुष्काळ? सरासरीचं गणित समजून घ्या

२०२३ च्या पावसाळ्यात कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या चारही हवामान उपविभागांत 'सामान्य' पावसाची नोंद झाली. तरीही ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. हे कसं?

सरासरी कशी ठरते?

भारतीय हवामान विभाग १९७१ ते २०२० या ५० वर्षांच्या नोंदींवरून प्रत्येक महिन्याचा सरासरी पाऊस काढतो. देशाची ऑगस्टची सरासरी आहे २५४.९ मिलिमीटर. ऑगस्ट २०२३ मध्ये पडला १६२.७ मिलिमीटर, म्हणजे ३६ टक्के कमी. १९०१ पासूनचा हा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

'सामान्य' कशाला म्हणतात?

उपविभाग आणि जिल्ह्यांसाठीची वर्गवारी अशी:

• सरासरीपेक्षा ६० टक्के किंवा त्याहून जास्त: खूप जास्त
• २० ते ५९ टक्के जास्त: जास्त
• १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त: सामान्य
• २० ते ५९ टक्के कमी: तूट
• ६० ते ९९ टक्के कमी: मोठी तूट

म्हणजे १०० ऐवजी ८१ मिलिमीटर पाऊस पडला, तरी तो 'सामान्य'च.

मग दुष्काळ कसा पडतो?

दोन कारणांमुळे. पहिलं, चार महिन्यांच्या बेरजेत मधला खंड दिसत नाही. जुलै २०२३ मध्ये देशात १३ टक्के जास्त पाऊस झाला, पण ऑगस्ट कोरडा गेला. सोयाबीनला फुलं-शेंगा येतानाच ओल हवी असते. नंतरच्या पावसाने बेरीज सुधारते, गेलेलं पीक परत येत नाही.

दुसरं, उपविभाग मोठा असतो. धो-धो पावसाचं महाबळेश्वर आणि कोरडं सोलापूर, दोन्ही मध्य महाराष्ट्रातच येतात.

तापमानाचं काय?

तापमानातला फरक टक्क्यांत नाही, अंशांत मोजतात. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. किनारपट्टीवर ही मर्यादा ३७ अंशांची आहे.

त्यामुळे 'राज्यात सरासरीइतका पाऊस' अशी पोस्ट दिसली, तर आकडा कुठल्या महिन्याचा, कुठल्या भागाचा आणि मध्ये किती दिवस कोरडे गेले, हे आधी पाहा.