बंडीचा उलाळ : वऱ्हाडच्या कापसाचा भार कुणाच्या मानेवर होता?

थ्रेड 🧵

१/ वऱ्हाडचा कापूस किती खंडी गेला, भाव काय निघाला, आगगाडी केव्हा आली, हे आपण आवडीने वाचतो. तोच कापूस स्थानकापर्यंत नेणाऱ्या बंडीत भार कसा रचला जाई, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. आजचा थ्रेड त्या रचनेविषयी आहे, कारण बैलाच्या मानेचे सुखदुःख तिच्यावर अवलंबून होते.

२/ आधी स्थळ पाहू. अकोल्याचे जुने शहर मोर्णेच्या पश्चिम काठी वसले. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा असदगड तेथेच उभा आहे. पुढे इंग्रजी अमलात कचेऱ्या आणि रेल्वे स्थानक पूर्वेकडे, ताजनापेठेच्या अंगाला आले. जुन्या शहराकडून स्थानकाकडे जायचे, तर मोर्णा ओलांडणे भागच होते. ही नदी लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

३/ रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर दूर मिर्झापूरपर्यंत जाई. तेथे तोल डावा-उजवा साधायचा असे : पाठीच्या दोन्ही बाजूंच्या गोणी समान हव्यात. १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीकडे आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. लांबचा प्रवास आगगाडीने घेतला; शेत ते स्थानक हे अंतर बंडीकडेच राहिले.

४/ बंडीला दोन चाके, एक आख. म्हणजे ती एक तरफ झाली : आख हा टेकू, एका टोकाला साट्यावरचा भार, दुसऱ्या टोकाला बैलांच्या मानेवरचे जू. भार आखाच्या मागे गेला की पुढचा भाग वर उचलला जातो. यालाच उलाळ म्हणतात. जू वर खेचले जाते आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला आवळतात. भार फार पुढे आला, तर सारे वजन मानेवर बसते आणि खांदे सोलून निघतात.

५/ हिशोब करून पाहू. मुंबईची एक खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलो. समजा, बंडीत दोन खंडी, म्हणजे अंदाजे ७०० किलो भार आहे आणि जू आखापासून ३ मीटर पुढे आहे. बंडीचे स्वतःचे वजन बाजूला ठेवू. भाराचा मध्य आखाच्या १० सेंमी पुढे असेल, तर जुवावर सुमारे २३ किलो येतात. तोच मध्य ४० सेंमी पुढे सरकला, तर ९३ किलो. एकूण माल तेवढाच. हातभर जागा बदलली आणि मानेवरचे ओझे चौपट झाले!

६/ आता मोर्णा. भाराचा मध्य आखाच्या वर असतो. म्हणून नदीच्या पात्रात उतरताना तो पुढे कलतो, जू दाबते. पलीकडचा काठ चढताना तो मागे कलतो, उलाळ होऊ लागतो. सपाटीवर बरोबर भरलेली बंडी काठावर बिघडू शकते. म्हणून सुज्ञ गाडीवान माल मध्यापासून किंचित पुढे झुकता ठेवतो आणि चढावर स्वतः पुढे सरकून बसतो. त्याचे शरीर हेच त्याचे फिरते वजन.

७/ हाच प्रश्न आज पाश्चात्त्य देशांत मोटारीमागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचे घर, ओढणाऱ्यांना पडतो. जोडावर कॅम्परच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार यावा, असा अमेरिकेतील संकेत आहे; २००० किलोच्या कॅम्परला २०० ते ३०० किलो. तेवढ्याने मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात, सुकाणू आणि ब्रेक सैलावतात. त्यासाठी भार वाटून देणारा हिच असतो. त्याच्या पोलादी स्प्रिंग-दांड्या ताणल्या की काही भार मोटारीच्या पुढच्या आखावर आणि काही कॅम्परच्या आखांवर जातो.

८/ निवडताना दांड्यांची क्षमता जोडावरील प्रत्यक्ष भाराशी जुळवायची. बसवताना पुढच्या चाकावरील कमानीची उंची तीनदा मोजायची : कॅम्पर जोडण्यापूर्वी, जोडल्यावर आणि दांड्या ताणल्यावर. तिसरे माप पहिल्याच्या किती जवळ हवे, ते मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मात्र मागे जड भरलेला कॅम्पर रस्त्यावर झोकांड्या खातो, आणि तो दोष हिचने जात नाही. आधी माल नीट रचावा, मग दांड्या ताणाव्यात.

९/ बंडीला अशा दांड्या नव्हत्या. रचना चुकली की तिची भरपाई बैलाच्या मानेने करायची. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. जनावराचा आकार आणि चाकांचा प्रकार पाहून वजनाची कमाल मर्यादा ठरली. पुढे बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी सुधारित बैलगाडीचा आणि जुवाने होणाऱ्या जखमांचा विषय देशापुढे मांडला. तोवर वऱ्हाडच्या बाजारपेठा कापसावर कितीतरी पिढ्या श्रीमंत झाल्या होत्या.

१०/ बाजाराच्या वह्यांत खंड्या मोजल्या गेल्या. मानेवरचे किलो कुणी लिहिले नाहीत. ती नोंद सापडते भाषेत. ‘उलाळ’ हा शब्द तीच नोंद आहे. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हणही तशीच. नळा म्हणजे गाडीला टांगलेले वंगणाचे नळकांडे. ज्यांनी बंडी हाकली ती पिढी आता थकली आहे. त्यांच्याबरोबर हे शब्द गेले, तर पुराव्याचा एक अख्खा दप्तरखाना जाईल.

११/ म्हणून एक विनंती. घरी आजोबा-आजी असतील, तर आज विचारा : बंडी भरताना भार पुढे की मागे, हे कसे ओळखायचे? त्याला तुमच्या गावात काय म्हणत? उत्तर त्यांच्याच शब्दांत खाली लिहा, गावाच्या नावासह.