गळ, जाळे आणि पाण्याचा हक्क

गिरणाकाठच्या भडगावाविषयी लिहिताना आपण पूर, बंधारे, पाट यांची नोंद करतो. त्या पाण्यातले मासे कोण धरी आणि कोणाच्या स्पर्शाने ते पाणी बाटे, हे प्रश्न मात्र वेगवेगळे मानले जातात. मला ते एकच वाटतात.

खानदेशात मासे धरणे हे भोई, कोळी, भिल्ल यांचे काम. भोई पालखी वाही आणि जाळेही टाकी. भिल्ल वनस्पती कुटून डोहात कालवी व मासे गुंगवी. ही पोटाची विद्या होती. गोरा साहेब गळ टाकी तो मौजेखातर. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याने 1873 साली या शौकावर ग्रंथच लिहिला. 1897 च्या कायद्याने पाण्यात सुरुंग लावणे, विष घालणे गुन्हा ठरवले. विषाने पिलेही मरतात, हे खरे. पण भुकेची रीत गुन्हा ठरली आणि हौसेचा गळ मोकळा राहिला, हेही खरे.

महाराला तर पाणीच मोकळे नव्हते. त्याने नदीच्या खालच्या अंगालाच पाणी भरावे, असा दंडक गावोगाव होता. वर म्हैस डुंबली तरी पाणी बाटत नसे. नदीतला मासा चुलीवर चढे, पण महाराची घागर त्याच पाण्याला विटाळ ठरे! मुंबई विधिमंडळात 1923 साली बोले ठराव झाला, तरी महाडचे तळे बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले. न्यायालयीन निकाल लागायला 1937 साल उजाडले.

1969 साली वरच्या बाजूस गिरणा धरण पूर्ण झाले. नदी अडली, जलाशय झाला. जलाशयातली मासेमारी ठेक्याची बाब असते. काठ मात्र सहलीचा होतो. तिथे गळ टाकून बसणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ही मोकळीक पाण्याने दिलेली नाही. ती माणसांनी झगडून मिळवली आहे.

म्हणून नदीकाठच्या परंपरा लिहिताना आखाजी आणि कानबाईच्या विसर्जनापाशी थांबू नये. भोईवाडा, भिलाटी, बौद्धवाडा इथल्या म्हाताऱ्यांनाही विचारावे : जाळे कुठे टाकीत होता? घागर कुठे भरीत होता? त्यांची उत्तरे नोंदवल्याशिवाय गिरणेचा इतिहास पुरा होणार नाही.