पंडिता रमाबाईंचं बायबल

आमच्या धंद्यात लोकलायझेशन म्हणजे इंग्रजी शब्द काढा, मराठी टाका. मग 'संचिका' न् 'न्याहाळक' वाचून युजर गपचूप इंग्रजीकडे परत! भाषांतर नेमकं कुणासाठी, हे विचारायचं राहूनच जातं.

आपल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभावांचं क्षेत्र. तेराव्या शतकात त्यांच्या नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात लिहू नको म्हणून सांगितलं. कारण? पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही. बस्स, एवढंच!

इंग्रजीत याच गोष्टीपायी जीव गेला. विल्यम टिंडेलने मूळ ग्रीकवरून नवा करार साध्या इंग्रजीत आणला, नांगरामागच्या पोरालाही कळावा म्हणून. १५२६ मध्ये तो जर्मनीत छापून चोरून इंग्लंडात न्यावा लागला. १५३६ साली टिंडेलला पाखंडी ठरवून गळा आवळून मारलं, वर जाळलं. गंमत म्हणजे १६११ च्या किंग जेम्स बायबलने त्याचीच वाक्यंच्या वाक्यं घेतली आणि तीच इंग्रजी घराघरात मुरली.

मराठीत विल्यम कॅरीचा नवा करार बंगालमधल्या श्रीरामपुरातून १८११ सालीच निघाला होता. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनीही भाषांतरं केली. पण पंडिता रमाबाईंना ती मराठी संस्कृतने जड झालेली वाटे. आता हे म्हणणारी बाई कोण? तर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृतच्या ज्ञानासाठी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, ती!

१८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून त्यांनी केडगावला 'मुक्ती' वसवलं. या मुलींना समजेल असं बायबल हवं, म्हणून चाळिशी उलटल्यावर बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सुमारे दीड तप भाषांतर चाललं. छापखाना मुक्तीचाच, खिळे जुळवायला तिथल्याच बाया. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

टिंडेलच्या भाषेला शेवटी राजाचा शिक्का मिळाला. रमाबाईंना तसं कुणी मिळालं नाही, चर्चमध्ये बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालत राहिली. असो. धर्म कुठलाही असो, मराठीत काही आणायला बसलो की त्यांचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. वऱ्हाडीत सांगायचं तर, "हे आपल्या बुढीले समजन का?"