शस्त्रक्रियेनंतरची शय्या

इ. स. १७०० च्या ऑक्टोबर महिन्यातील पहिली रात्र. माण नदीच्या काठी खवासपूर येथे मोगल बादशहाची छावणी पडली होती. वर कोठेतरी झालेल्या पर्जन्याचा लोंढा मध्यरात्री अकस्मात नदीला आला. तंबू, जनावरे आणि माणसे वाहून जाऊ लागली व एकच आक्रोश उसळला. त्या कोलाहलाने औरंगजेब जागा झाला. मराठे छावणीत घुसले अशी समजूत होऊन तो लगबगीने उठला, अडखळला आणि त्याच्या उजव्या गुडघ्याचा सांधा निखळला. पदरी हकिमांची वाण नव्हती; परंतु सांधा काही जागच्या जागी नीट बसला नाही, आणि वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी जडलेला तो लंगडेपणा अखेरपर्यंत टिकला. हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा, असे म्हणून दरबारी मंडळी त्याचे सांत्वन करीत. तशाच पायानिशी त्याने पन्हाळा, विशाळगड, सिंहगड आणि राजगड यांचे वेढे चालविले. १७०७ साली अहमदनगरास त्याचा अंत झाला आणि खुलताबादेस त्याचे दफन झाले. त्याचे नाव ज्या शहरास मिळाले होते, आणि जे आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते, तेथून ते स्थान अवघे पाच-सहा कोस.

हिंदुस्थानच्या सर्वांत धनाढ्य रोग्यास जे मिळू शकले नाही ते आज त्याच शहरातील मोंढ्यावर पोती वाहणाऱ्या हमालास मिळू शकते: मोडल्या अंगाने पुन्हा चालू लागणे. हा पालट केवळ शस्त्राच्या धारेने घडला असे मानण्याची चाल आहे. शस्त्रवैद्यकाचा इतिहास लिहिणारे शस्त्रापाशी प्रारंभ करतात आणि टाके घातले की लेखणी खाली ठेवतात. रोग्याची खरी कथा मात्र त्यानंतर सुरू होते. त्याने खाटेवर किती दिवस पडून राहावे, केव्हा उठावे, कोणते ओझे केव्हा उचलावे, या साध्या प्रश्नांची उत्तरे वैद्यकाने वारंवार बदलली. आणि एका चुकीच्या उत्तरापायी कित्येक रोगी शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही दगावले.

या बाबतीत प्राचीनांचे विवेचन पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. सुश्रुताने अंत्रवृद्धीची, म्हणजे लोक ज्यास अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात त्या विकाराची, कारणे सांगताना जड भार वाहणे, आपल्याहून बलवानाशी झुंजणे आणि झाडावरून पडणे यांचा उल्लेख केला आहे. गाठ दाबली असता आवाज करीत वर जाते आणि सोडताच पुन्हा फुगून येते, हे लक्षणही त्याने नेमके टिपले. तथापि आतडे अंडकोशात उतरले की व्याधी असाध्य, असा निर्णय देऊन तो थांबला. या निर्णयात भित्रेपणा नाही. पोट उघडून रोगी जिवंत राखण्याची साधने जोवर नव्हती तोवर तो प्रामाणिकपणाच होता.

हाडांच्या बाबतीत मात्र सुश्रुत पुष्कळ पुढे गेला. मांडी किंवा पोटरीचे हाड मोडलेल्या रोग्यास त्याने कपाटशयन सांगितले. फळीच्या शय्येवर रोग्यास निजवावयाचे आणि अवयव हलू नये म्हणून पाच खुंट्या ठोकून त्यांस तो बांधावयाचा, अशी ही योजना. तारुण्याच्या आरंभी जे हाड एका महिन्यात जुळते त्यास मध्यम वयात दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो, हा हिशेबही त्याने दिला आहे. त्याहून मार्मिक सूचना तळहाताच्या भग्नाविषयी आहे. हाड जुळू लागल्यावर रोग्याने आधी मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आले म्हणजे दगड. स्नायूंवर क्रमाक्रमाने भार वाढवीत नेण्याचे जे तत्त्व आधुनिक व्यायामोपचाराचा पाया समजले जाते ते येथे तीन वस्तूंत सांगून टाकले आहे. गावोगावच्या हाडवैद्यांनी बांबूच्या कामट्या व लेप सांभाळले. हा मातीचा गोळा मात्र बहुतेकांच्या हातून निसटला.

युरोपात एकोणिसाव्या शतकात विश्रांतीचे माहात्म्य शिगेस पोहोचले. लंडनच्या जॉन हिल्टन यांचा विश्रांती आणि वेदना यांवरील ग्रंथ १८६३ साली निघाला, आणि दुखऱ्या अवयवास स्वस्थता द्या, निसर्ग आपले काम करील, हा विचार शस्त्रवैद्यांच्या मनात खोल रुजला. विचार चुकीचा नव्हता. चूक झाली ती एका अवयवाची विश्रांती अख्ख्या देहावर लादण्यात. पुढे जंतुनाशक पद्धती आली, पोटावरील शस्त्रक्रिया शक्य झाल्या, आणि रोगी दोन-दोन, तीन-तीन आठवडे उताणे निजून राहू लागले.

याच काळात इटलीतील पादुआ येथे एदोआर्दो बास्सिनी यांनी अंतर्गळावरील पहिली खरोखर टिकाऊ शस्त्रक्रिया सिद्ध केली. यात दैवाचा एक चमत्कारिक खेळ आहे. बास्सिनी तरुणपणी गॅरिबाल्डीच्या पक्षाने लढले, आणि १८६७ साली त्यांना संगिनीची जखम झाली ती जांघेतच. बरे होण्यास महिने लागले. ज्या जागेची रचना पुढे त्यांनी सर्वांहून अधिक बारकाईने अभ्यासिली ती त्यांनी स्वतःच्या देहावर आधी भोगली होती. १८८७ साली त्यांची पद्धती प्रसिद्ध झाली. पट्टा बांधून आयुष्य कंठणाऱ्या लाखो श्रमिकांस तिने आशा दाखविली; परंतु टाके तुटतील या भयाने शय्या काही सुटली नाही.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यानेही शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात एक प्रकरण जोडले आहे. क्लोरोफॉर्मने रोगी मरतो तो आधी श्वास थांबून की हृदय थांबून, हा वाद तेव्हा जोरात होता. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे श्वासाच्या पक्षाचे. १८८८ व १८८९ साली तेथे दोन समित्या बसल्या. दुसरीसाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले आणि खर्च निजाम सरकारने सोसला. समितीने लॉरींचा पक्ष उचलून धरला. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयच अकस्मात बंद पडू शकते हे सिद्ध केले, आणि हैदराबादचा निर्णय ढासळला. आपल्या विषयाशी त्याचा संबंध इतकाच की, ज्या गुंगीनंतर रोगी ओकाऱ्या काढीत तळमळे तिच्यानंतर त्याला लवकर उठविण्याचा विचारही कोणास सुचणे कठीण होते. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी १९०० साली केवळ जागा बधिर करून अंतर्गळाच्या शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा ती अडचण दूर होण्याचा मार्ग दिसला.

शय्येविरुद्धचे पहिले बंड शिकागोचे एमिल रीस यांचे. १८९९ साली त्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यास थोड्याच दिवसांत उठवावे, असे अनुभवाच्या बळावर लिहिले. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. वास्तविक पुरावा डोळ्यांसमोर होता. पडून राहिलेल्या रोग्याच्या पायांतील शिरांत रक्त साकळते. ती गुठळी सुटून फुप्फुसात जाते. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी, सर्व काही सुरळीत असताना, रोगी अचानक उठून बसतो व प्राण सोडतो. घरचे लोक दैवास बोल लावीत. दोष शय्येचा होता. शिवाय उताण्या निजलेल्याची छाती कफाने भरे, खोकल्याचा ताण नेमका टाक्यांवर येई, आणि ज्या भयाने रोग्यास निजविले तेच भय खरे होई.

टोरांटोचे अर्ल शोल्डाइस यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यभरतीस अंतर्गळामुळे नाकारलेल्या तरुणांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि १९४५ साली त्यासाठीच स्वतंत्र रुग्णालय काढले. तेथे रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावरून स्वतःच्या पायांनी चालत जाई. डेट्रॉइटचे डॅनिअल लाइटहाउझर हेही तेच सांगत होते. १९४७ साली लंडनचे रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणावर पडून राहण्याचे धोके एका छोट्या, खोचक लेखात मांडले. युद्धकाळातील खाटांच्या टंचाईने या मतास जेवढी मदत केली तेवढी युक्तिवादाने केली नसेल. आज अंतर्गळाचा रोगी बहुधा त्याच दिवशी चालतो व त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. चार ते सहा आठवडे जड वजन उचलू नये, मलावरोध होऊ देऊ नये, खोकला आल्यास जखमेवर हात किंवा उशी दाबून धरावी, एवढी पथ्ये उरली आहेत.

खुब्याची कथा याहून करुण. म्हातारी बाई उंबऱ्यात अडखळली, खुबा मोडला, की घर मनातल्या मनात निरवानिरव करू लागे. पायास वजन बांधून महिनेच्या महिने पडून राहणे, पाठीस शय्याव्रण होणे आणि शेवटी न्यूमोनिया, हा क्रम ठरलेला असे. बॉस्टनचे स्मिथ-पीटरसन यांनी मोडलेला भाग जोडणारा तीन धारांचा खिळा १९३१ साली प्रसिद्ध केला आणि असे रोगी प्रथम उठून बसू लागले. झिजलेला सांधाच बदलण्याचे श्रेय मात्र इंग्लंडातील रायटिंग्टनच्या जॉन चार्नली यांचे. त्यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. ते थोड्याच वर्षांत झिजले, सुमारे तीनशे रोग्यांची निराशा झाली आणि त्यांच्यावर पुन्हा शस्त्र धरण्याची पाळी आली. तेव्हा त्या द्रव्यांचे कण चार्नलींनी स्वतःच्या मांडीत घालून परिणाम पाहिला. रोग्यांचे ऋण फेडण्याची ही रीत विरळाच. १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी प्रथम बसविली आणि तेथून आजचा कृत्रिम खुबा चालत आला.

मराठवाड्याच्या रोग्यास ही विद्या पोहोचण्यास काळ लागला. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद आगगाडी झाली तरी मोठ्या उपचारास हैदराबाद किंवा मुंबई हीच ठिकाणे. १९४८ साली निजामी राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयास लोक घाटी म्हणू लागले, आणि आजही आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकरी घाटीतच जातो. व्यायामोपचाराचे शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले होते. त्यास निमित्त पोलिओचे. लाभ खुब्याच्या रोग्यांनाही झाला.

या इतिहासातील एक पान खास खानदेशचे आहे. अंतर्गळाच्या छिद्रावर जाळी शिवण्याची, ताण न पडणारी पद्धती लॉस एंजेलिसच्या लिक्टेनस्टाइन यांनी १९८९ पर्यंत रूढ केली. जाळी चांगली, पण किंमत भारी. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शस्त्रवैद्य डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्या ध्यानात आले की, मच्छरदाणीचे कापडही जवळजवळ तशाच द्रव्याचे आहे. ते निर्जंतुक करून त्यांनी वापरले, आणि २००३ साली सहकाऱ्यांसह आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुष्कळांनी नाके मुरडली. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली व तिचा निष्कर्ष २०१६ साली आला. वर्षभरात विकार उलटला तो मच्छरदाणीच्या गटात एकाचा, महागड्या जाळीच्या गटात कोणाचाच नाही. हा फरक नगण्य ठरला. एका जाळीस सुमारे सव्वाशे डॉलर लागत, दुसरीस एक. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर २००१ साली जाळीच वगळली आणि रोग्याच्या स्वतःच्या स्नायुपटलाची पट्टी वापरण्याची पद्धती मांडली. पोलंडमधील तुलनेत ती जाळीच्या तोडीची ठरली. रोजंदारीवर पोट भरणाऱ्यास या दोन्ही गोष्टींचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

घरी परतल्यावरच्या पथ्यांत मात्र परदेशी पुस्तके अपुरी पडतात. नवा खुबा फार वाकविल्यास सांधा निखळण्याची भीती असते. म्हणून निदान पहिले काही आठवडे मांडी घालणे, उकिडवे बसणे, पाटावर जेवणे, पायावर पाय टाकणे हे सारे वर्ज्य. मराठी घरातील जेवण, पूजा आणि शौच या तिन्ही क्रिया परंपरेने जमिनीलगतच्या. रोग्यास रुग्णालयातून आणण्यापूर्वीच उंच खुर्ची, उंच पलंग आणि शौचासाठी कमोडची बैठक यांची सोय करावी लागते. सतरंज्या व पायपुसणी उचलावी लागतात, कारण दुसरे पडणे पहिल्याहून वाईट.

आणि काठीचे. दुखऱ्या बाजूच्याच हातात ती धरण्याची बहुतेकांची प्रवृत्ती असते. अमेरिकेतील विल्यम ब्लाउंट यांनी १९५६ साली काठीची बाजू घेऊन एक उत्तम निबंध लिहिला. एका पायावर उभे राहताच देह दुसऱ्या बाजूस कलू नये म्हणून खुब्याचे स्नायू जोराने खेचतात, आणि देहाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार त्या सांध्यावर पडतो. काठी समोरच्या हातात असेल तर तरफेचा दांडा लांब पडतो, अल्प रेट्याने तोल सांभाळला जातो आणि स्नायूंचे ओढणे पुष्कळ कमी होते. म्हणून उजवा खुबा बदललेल्याने काठी डाव्या हातात धरावी; जिना चढताना निरोगी पाय आधी वर टाकावा, उतरताना काठी व शस्त्रक्रियेचा पाय आधी खाली.