कान्हेरीच्या भिंतीवरची नावं

आजचा भाग ऐकताना तुम्ही लोकलमध्ये असाल, तर एक गंमत करा. पुढच्या रविवारी घरच्यांना घेऊन कुठं जायचं, यावर तुमच्या फॅमिली ग्रुपवर आत्ता किती मेसेज आलेत ते बघा. आमच्या ग्रुपवर परवा बत्तीस आले. लोणावळा महाग, अलिबागला गर्दी, माथेरानला आईचे गुडघे. शेवटी ठरलं तेच, जे आमच्या घरात दर दोन-तीन वर्षांनी ठरतं. बोरिवली नॅशनल पार्क. डबे घ्यायचे आणि कान्हेरीला जायचं.

आज त्याच सहलीचा इतिहास सांगणार आहे. आणि त्यात माझ्या काकांचा एक गुन्हापण आहे, तो शेवटी येईल.

सुरुवात एका हजार वर्षं जुन्या सहलीपासून करू. कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. त्यातल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही मजकूर कोरलाय. पहलवी म्हणजे जुन्या इराणची लिपी. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये काही जरथुश्त्री मंडळी, म्हणजे आपण ज्यांना पारशी म्हणतो त्यांचे धर्मबंधू, हा डोंगर बघायला आली होती. त्यांनी तारीख टाकली आणि नावं लिहिली. बापाचं नाव लावून मुलांची नावं. तारखा कुठल्या? १० ऑक्टोबर १००९, २४ नोव्हेंबर १००९ आणि ३० ऑक्टोबर १०२१. लक्षात आलं का? पावसाळा संपलाय, ओढे अजून वाहतायत, डोंगर हिरवा आहे, ऊन सोसतंय. आपण जातो त्याच मोसमात तेही आले होते.

पण ते आले तेव्हासुद्धा ही लेणी हजार वर्षं जुनी होती. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. इथं बौद्ध भिक्खू राहायचे, पावसाळ्यात वर्षावासाला थांबायचे. आणि जवळची बंदरं कुठली? सोपारा, कल्याण, चौल. तिथले व्यापारी, सोनार, सावकार इथं यायचे आणि दान द्यायचे. मोठं चैत्यगृह, तिसऱ्या क्रमांकाचं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात दोन व्यापारी भावांनी सुरू केलं.

मला मात्र जास्त आवडतात ती छोटी दानं. कान्हेरीच्या शिलालेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, 'पोढी'. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. कल्याणच्या एका सोनारानं अशी एक पोढी दिली आणि तिच्यावर तसं लिहून ठेवलं. लेण्यांच्या माथ्यावर खडकात पन्हळी खोदल्यात. डोंगरावर पडणारा पाऊस त्यांतून वाहत येतो आणि टाक्यांत साठतो. काही टाक्यांत आजही पाणी असतं. माझी भाची वाकून बघत होती, म्हणाली, "मावशी, हे कुणी भरलं?" मी म्हटलं, "पावसानं. पण जागा कल्याणच्या लोकांनी करून ठेवली."

आता उडी मारू थेट एकोणिसाव्या शतकात. कारण लेणी होती, डोंगर होता, तरी मुंबईतल्या साध्या कामकरी कुटुंबाला इथं यायला तीन गोष्टी लागत होत्या. गाडी, रान आणि सुट्टी.

गाडी आधी आली. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाला एकच, पण वाटेत बोरिवली होतं. तेव्हा ते एक खेडं होतं.

मग रान. रान तर आधीपासून होतंच की, असं तुम्ही म्हणाल. होतं, पण मुंबईभोवतीची कितीतरी रानं होती आणि गेली. हेच का राहिलं? उत्तर पुन्हा पाण्यात आहे. १८५० च्या दशकात मुंबईच्या विहिरी आणि तलाव पुरेनासे झाले. पावसानं ओढ दिली की हाल. तेव्हा हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्या खोऱ्यात धरण बांधलं गेलं आणि १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला. मुंबईला नळाचं पाणी आलं ते या डोंगरातून. मग १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांमध्ये तुळशी सगळ्यात छोटा आहे. दर पावसाळ्यात 'तुळशी तलाव भरून वाहू लागला' अशी बातमी येते, तोच हा.

तलावाचं पाणी स्वच्छ ठेवायचं तर पाणलोट राखावा लागतो. म्हणून तलावांभोवतीच्या डोंगरउतारांवर वस्ती आणि कारखाने पसरू दिले नाहीत. म्हणजे बघा, हे रान आधी नळासाठी राखलं गेलं. सहलीसाठी, बिबट्यासाठी राखायचं हा विचार नंतरचा. १९५० मध्ये मुंबई राज्यानं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. आधी कृष्णगिरी, मग बोरिवली आणि पुढं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, अशी नावं बदलत गेली. आज ते साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे. त्या सोनारानं केलं तेच काम कित्येक शतकांनी शहरानं मोठ्या प्रमाणावर केलं. डोंगरावरचा पाऊस धरून ठेवला.

तिसरी गोष्ट, सुट्टी. रविवारी आपण आरामात नऊला उठतो ना, तर एक नाव लक्षात ठेवा, नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. त्या काळी गिरणी कामगाराला हक्काचा असा सुट्टीचा वार नव्हता. लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांना एकत्र करून मागण्या मांडायला सुरुवात केली. सहा वर्षं रेटा लावला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपला फॅमिली ग्रुप रविवारवर बत्तीस मेसेज टाकतो, त्यामागं ही सहा वर्षं आहेत.

आता आमच्या घराकडं येते. माझे आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत विणकर होते. आम्ही लालबागचे, चाळीतले. मे महिना म्हणजे कोकणात गावी जायचं, हे ठरलेलं. 'फिरायला जाणं' असं वेगळं काही नसायचंच. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आठवडे गेले, महिने गेले. तो संप अधिकृतपणे मागं घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. त्या वर्षी आजोबा गावी गेले नाहीत. एसटीच्या पैशांचं कारण सांगायचे. बाबा म्हणतात, "खरं कारण वेगळं होतं. गावात सगळे विचारणार, संप कधी मिटतोय? त्याला उत्तर नव्हतं."

तर त्या ऑक्टोबरात एका सकाळी आजोबा म्हणाले, चला. आजी, आत्या, बाबा, काका. भाकऱ्या, ठेचा, कांदे, आणि एका बरणीत लोणचं. लोकलनं बोरिवली, तिथून फाटक, आणि फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर चालत. बाबांना आठवतं ते एवढंच, की आजोबा चैत्यगृहात एका खांबाला टेकून बराच वेळ बसले होते. दहा महिन्यांत पहिल्यांदाच ते गप्प होते आणि चिडलेले नव्हते. "आयुष्यात पहिल्यांदा वडलांना रिकामं बसलेलं बघितलं," असं बाबा सांगतात. रोजच सुट्टी होती, पण रविवार असा तो एकच.

आणि त्याच दिवशी काकांनी गुन्हा केला. काका तेव्हा तेरा वर्षांचे. खिशात खिळा होता. एका लेण्याच्या भिंतीवर त्यांनी आपलं नाव, वडलांचं नाव आणि 'लालबाग' असं कोरलं.

ही गोष्ट आमच्या घरात हसत सांगितली जाते. मीपण हसायचे. पण या भागासाठी वाचताना मी अडकले. १००९ मध्ये कुणीतरी भिंतीवर आपलं आणि बापाचं नाव कोरलं, तर तो आपण ऐतिहासिक पुरावा मानतो. अभ्यासक तो वाचतात, मी पॉडकास्ट करते. १९८२ मध्ये लालबागच्या पोरानं तेच केलं, तर विद्रूपीकरण. का? फक्त जुनं झालं म्हणून?

मी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "अगं, तेव्हा गिरणीच्या फाटकावर कामावर घेतलेल्यांच्या याद्या लागायच्या. अण्णांचं नाव कुठल्याच यादीत नसायचं. मला वाटलं, कुठंतरी असू दे." अण्णा म्हणजे माझे आजोबा. यावर मला हसता आलं नाही.

तरी माझं उत्तर 'नाही कोरायला हवं होतं' हेच आहे, आणि काकांचंही तेच आहे. त्या जुन्या प्रवाशांनी लिहिलं तेव्हा या डोंगरावर येणारे मोजके होते. आज सुट्टीच्या दिवशी हजारोंनी लोक येतात. प्रत्येकानं एकेक ओळ कोरली, तर दोन वर्षांत त्या सोनाराचा लेख आणि ती पहलवी अक्षरं आपल्या नावांखाली गाडली जातील. शिवाय १९५८ चा स्मारकांचा कायदा आहे. संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि नाव नसणं ही फक्त आमच्या अण्णांची गोष्ट नाही. परवा गेलो तेव्हा वाटेवर एक बाई काकड्या विकत होती. तिखट-मीठ लावून, उभी चिरलेली काकडी. भाचीनं दोन खाल्ल्या. ती बाई वारली, जवळच्याच पाड्यावरची. या रानात वारली, कोकणा, मल्हार कोळी अशी आदिवासी कुटुंबं पूर्वीपासून राहतात. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांच्या शेतीवर, गुरं चारण्यावर, लाकूडफाट्यावर बंधनं आली. १९९७ मध्ये उच्च न्यायालयानं उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला, तेव्हा नंतर येऊन वसलेल्या झोपड्या आणि पूर्वापार पाडे यांतला फरक कागदावर सिद्ध करायची वेळ आली. ती बाई म्हणाली, "माझी आजी इथंच जन्मली, ताई. पण कागद काय दाखवणार?" आपल्या सहलीचं हे हिरवंगार रान जसं नळामुळं टिकलं, तसं ज्यांची वहिवाट बंद झाली त्यांच्या खर्चानंही टिकलं. हे मला कुठल्याच सहलीत कुणी सांगितलं नव्हतं.

या लोकांकडून शिकण्यासारखंही आहे. वारली वाघोबाला मानतात, आणि बिबट्या शेजारी आहे हे धरून चालतात. जून २००४ मध्ये उद्यानाच्या आजूबाजूला बिबट्यांच्या हल्ल्यांत एका महिन्यात दहाएक माणसं गेली. नंतर अभ्यासकांनी दाखवून दिलं, की बाहेरून पकडलेले बिबटे आणून सोडल्यानं प्रश्न वाढतो. कचरा आणि त्यावर जगणारी कुत्री कमी करा, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर घेरू नका. पुढं वनखातं आणि मुंबईकरांनी मिळून हेच वस्त्यावस्त्यांत सांगितलं. हल्ले खूप कमी झाले.

म्हणून आमच्या सहलीचे नियम आता बदललेत. अंधार पडायच्या आत फाटकाबाहेर. उरलेलं अन्न आणि वेफर्सची पाकिटं परत घरी. दहिसर नदी या रानातूनच निघते, आपण तिच्यात पाय सोडून बसतो आणि तिचंच पुढं गटार होतं. मिठीही इथलीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी शहरात घुसली, ते आपल्यातल्या काहींना आठवत असेल. बाकीच्यांनी आईबाबांना विचारा.

काकांचं नाव मी परवा शोधलं. तीन लेण्यांत मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. शेकडो नावं आहेत, बदाम आहेत, बाण आहेत. काकांचं सापडलं नाही. भाची म्हणाली, "मावशी, आपण नवीन लिहूया का, पेननं? पुसता येईल." मी नाही म्हटलं. मग तिनं एका पोढीच्या काठावर अडकलेली प्लास्टिकची बाटली उचलली, पिशवीत टाकली आणि विचारलं, "हे चालेल?"

चालेल की.

तुमच्या घरच्या पहिल्या सहलीची गोष्ट आजी-आजोबांना विचारा. कुठं गेले होते, डब्यात काय होतं, त्या दिवशी सुट्टी कशी मिळाली होती. व्हॉइस नोट करून ठेवा. भिंतीपेक्षा ती जागा बरी. आणि आमच्याकडं पाठवलीत तर पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तोवर डबा घ्या, पाणी घ्या, आणि जाऊन या. भेटूच!