सुट्टी मागणारे

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर चार माणसे एक अवजड शिळा हलवू पाहत आहेत. अंगावर जेमतेम वस्त्र, पाठीचे स्नायू ताणलेले, पाय जमिनीत रुतलेले. देवीप्रसाद रॉय चौधुरी यांचे हे शिल्प २५ जानेवारी १९५९ रोजी इथे उभे राहिले. त्याचे नाव ‘श्रमाचा विजय’. पण नीट पाहिले तर शिळा अजून जागची हललेली नाही, आणि कोणाच्याच चेहऱ्यावर विजयाची खूण नाही. आहे तो फक्त जोर.

याच समुद्रकाठी १ मे १९२३ रोजी हिंदुस्थानातला पहिला मे दिन साजरा झाला. सभा दोन होत्या, एक हायकोर्टासमोरच्या वाळूत आणि दुसरी तिरुवल्लिक्केणीच्या किनाऱ्यावर. त्या घडवून आणणारे म. सिंगारवेलर तेव्हा ६३ वर्षांचे होते. कोळी समाजात जन्मलेल्या या वकिलाने असहकाराच्या हाकेसरशी १९२१ मध्ये काळा कोट उतरवला होता. त्या दिवशी त्यांनी लेबर किसान पार्टी स्थापन केली आणि लाल बावटा उभारला. लाल कापड मिळेना म्हणून मुलीची लाल साडी फाडून तो बावटा केला, असे सांगतात. सभेत एक ठरावही झाला : मे दिनाची सरकारने सुट्टी द्यावी.

आज कॅलेंडरात लाल अक्षरात छापलेली ही तारीख अशी कोणीतरी वाळूत उभे राहून मागितलेली आहे.

हायकोर्टासमोरच्या सभेला एक वेगळा अर्थही होता. पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतल्या कामगारांनी २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियन स्थापन केली. बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष होते. या गिरण्या चालवणाऱ्या बिन्नी कंपनीने पुढाऱ्यांवर कोर्टात दावा लावला आणि याच मद्रास हायकोर्टाने त्यांच्याविरुद्ध मनाईहुकूम दिला. कामगारांनी एकजूट करणे म्हणजे मालकाच्या धंद्याचे नुकसान करण्याचा कट, अशी तेव्हाची कायद्याची दृष्टी होती. त्या निकालाने हादरलेल्या ना. म. जोशींनी मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला, की युनियनची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी कायदा हवा. तो कायदा १९२६ मध्ये झाला. मद्रासच्या गिरणीतली ठिणगी आणि मुंबईच्या एका मराठी माणसाचा पाठपुरावा, अशी ही साखळी आहे. १९२३ च्या त्या संध्याकाळी मात्र कायद्याचे कवच नव्हते.

आणि पाठीशी पराभव होता. १९२१ चा पेरांबूरचा संप महिनोन्‌महिने चालला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे तो संप जातीच्या रेषेवर फुटला. आदि द्रविड कामगार कामावर परतले, बाकीचे बाहेर राहिले आणि पुळियांतोप भागात घरे जळली. मे दिनाचा इतिहास सांगताना हे पान गाळले जाते. गाळू नये. ‘कामगार’ हा शब्द आपोआप सगळ्यांना एका ओळीत उभा करत नाही. ती ओळ दर वेळी नव्याने धरावी लागते.

मराठी वाचकाला इथे नारायण मेघाजी लोखंडे आठवणे साहजिक आहे. सत्यशोधक चळवळीतल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची मागणी मांडली : आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार. निवेदनावर साडेपाच हजार सह्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि दोन बायकांनीही भाषणे केली. १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. या दोन तारखांच्या मध्येच, १ मे १८९० रोजी, युरोप-अमेरिकेत पहिला आंतरराष्ट्रीय मे दिन पाळला गेला होता. शिकागोत १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाला, ४ मे ला हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, नोव्हेंबर १८८७ मध्ये चौघांना फाशी झाली. त्यांच्या स्मरणातून आलेला तो दिवस. शिकागोत आठ तास मागत होते, मुंबईत आठवड्याचा एक दिवस. मागणे एकच होते : आयुष्यातला थोडा वेळ आपला असावा.

महाराष्ट्रात १ मे ला दोन सुट्ट्या एकात मिसळल्या. १९६० मध्ये राज्य त्याच दिवशी जन्मले. हुतात्मा चौकातल्या स्मारकावर मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, तरी ध्वजवंदनाच्या गर्दीत ‘कामगार दिन’ हे दुसरे नाव दबूनच जाते. मरीनावरच्या चौघांच्या हातात मशाल नाही, त्यांचे हात शिळेत अडकलेले आहेत.

त्या शिळेची गोष्ट जुनी झालेली नाही. २१ एप्रिल २०२३ रोजी तमिळनाडू विधानसभेने कारखान्यांना बारा तासांच्या पाळीची वाट मोकळी करणारे विधेयक संमत केले. मित्रपक्ष सभात्याग करून बाहेर पडले, युनियन उठल्या. तीनच दिवसांत सरकार थबकले आणि १ मे २०२३ रोजी, सिंगारवेलरांच्या सभेला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी चिंतादरीपेटच्या मे दिन पार्कात ते मागे घेतल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे त्याचे समर्थन. पण थकवा आठवड्याच्या हिशेबाने येत नाही. तो त्याच दिवशी, अकराव्या तासाला येतो.

मे दिनी मरीनावर सहलीला आलेली माणसे सुंडल खातात, पोरे लाटांत खेळतात. त्यांना ते सुंडल विकणाऱ्याला मात्र आज सुट्टी नसते, उलट आज त्याचा जास्त धंदा असतो. १९२३ चा ठराव मंजूर झाला तो कॅलेंडरापुरता. त्याच्यापर्यंत तो अजून पोचायचा आहे.