'वैध अक्षर' कोणी ठरवले? रेग्युलर एक्सप्रेशन आणि आपल्या लिप्या

ऑनलाइन अर्जात आपले नाव लिहावे आणि चौकटीखाली लाल रंगात 'कृपया वैध अक्षरेच वापरा' अशी सूचना उमटावी, हा अनुभव भारतीय लिप्यांत लिहिणाऱ्यांना नवा नाही. ही सूचना देणारा नियम बहुधा एकाच ओळीचा असतो. त्याला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. त्याचा उगम मात्र संगणकात नसून मज्जासंस्थेच्या गणितात आहे.

१९४३ मध्ये वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशींच्या जाळ्याचे गणिती प्रारूप मांडले. असे जाळे नेमके कोणते घटनाक्रम ओळखू शकेल, या प्रश्नावर गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये रँड कॉर्पोरेशनमध्ये काम केले. ते १९५६ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध झाले. त्यांच्या उत्तरात तीनच क्रिया होत्या: एकापुढे एक, हे किंवा ते, आणि पुन्हा पुन्हा. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी हेच गणित मजकुरात शब्द शोधण्यासाठी वापरले. पुढे युनिक्समधील 'ग्रेप' या आज्ञेने ते घराघरांतील संगणकांच्या पूर्वजांपर्यंत पोहोचवले.

ही पद्धत जिथे शोभून दिसते, अशी उदाहरणे भारतात भरपूर आहेत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड घ्या. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही योजना. सहा अंक, पहिला अंक शून्य नाही: नियम संपला. पॅन क्रमांकात पाच रोमन अक्षरे, चार अंक आणि शेवटी पुन्हा एक अक्षर. अर्थात, आकृतिबंध जुळला म्हणून त्या पिनकोडचे टपाल कार्यालय अस्तित्वात असतेच असे नाही. नियम केवळ रूप तपासतो, सत्य नव्हे.

अशा संकेतांकांत आधी नियम जन्मतो, मग संकेतांक. माणसांच्या नावांचे नेमके उलट आहे. नाव आधी असते. नियम नंतर येतो आणि त्याला नावापुढे नमते घ्यावे लागते. इथेच गफलत झाली. १९६३ च्या अमेरिकी 'आस्की' मानकात १२८ स्थाने होती आणि 'अक्षर' म्हणजे ए ते झेड, एवढीच व्याख्या पुरेशी मानली गेली. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक स्वीकारले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतली. योगायोग असा की, देवनागरीच्या मुख्य विभागातही १२८ स्थानेच आहेत.

पण लिपीला स्थान मिळाले म्हणजे नियमातही मिळाले, असे नाही. समजा, कोणी चांगल्या हेतूने नियम लिहिला: [क-ह]+, म्हणजे क पासून ह पर्यंतची एक किंवा अधिक अक्षरे. 'कमल' हे नाव स्वीकारले जाईल. 'कमला' नाकारले जाईल! कारण काना हा युनिकोडमध्ये स्वतंत्र घटक आहे आणि तो या पट्ट्याबाहेर आहे. 'कोणत्याही लिपीतील अक्षर' असा युनिकोडचा व्यापक वर्ग वापरला तरी कमला बाहेरच राहते, कारण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांची नोंद तिथे 'अक्षर' म्हणून नाही, 'चिन्ह' म्हणून आहे. दोन्ही वर्ग सांगावे लागतात.

मराठीत आणखी एक बारकावा आहे. 'दऱ्या' मधील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. त्यांतील एका प्रकारात हलन्तानंतर डोळ्यांना न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक येतो. नियमाने हा जोडक 'अवैध' ठरवून गाळला, तर 'दऱ्या'चे 'दर्या' होते. डोंगरांमधल्या खोल जागा एका क्षणात समुद्र होतात! यावर उपाय उपलब्ध आहे. संकेतस्थळांच्या नावांसाठी २०१० मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा जोडक हलन्तानंतर आला तर चालतो. अन्यत्र फुटकळ आला तर नाही.

नावाच्या चौकटीला असा कडक पहारा का, याचे नेहमीचे उत्तर 'सुरक्षितता' हे असते. ते अपुरे आहे. घातक मजकुरापासून संरक्षण डेटाबेसला प्रश्न विचारताना आणि मजकूर पडद्यावर दाखवताना योग्य पद्धतींनी करावे लागते. नागरिकाच्या नावातील काना कापून ते साधत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात नाव एका रूपात आणि गुणपत्रिकेवर दुसऱ्या रूपात गेले, तर त्याचा भुर्दंड विद्यार्थ्यालाच पडतो.

म्हणून जे विद्यार्थी उद्या असे नियम लिहिणार आहेत, त्यांनी चाचणीच्या यादीत 'कमल' बरोबर 'कमला', 'क्षितिज', 'ज्ञानेश्वर' आणि 'दऱ्या' हे शब्दही ठेवावेत. यांतील एक जरी अडला, तरी दुरुस्ती नियमात करावी, नावात नव्हे.